पऱ्हाटीचं काय करता?

सर्व्हे करणारी बाई मीच होते, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढं कुणाला वाटायला नको की बाहेरून कुणी साहेब आला आणि त्यानं गावाचं वाटोळं केलं. साहेब आला होता, पण तो बिचारा चांगला होता. घोळ घातला तो मी.

माझं नाव सुवर्णा. आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथकडून हायवेला लागायच्या आधी डाव्या हाताला आमचं गाव आहे. चाळीसेक घरं शेतीवाल्यांची, तेवढीच बिनशेतीवाल्यांची. बायकांच्या संघमची, म्हणजे बचत गटाची, कागदपत्रं मी बघते. शाळा तेलुगूतून झाली, त्यामुळं मला तेलुगू फॉर्म वाचता येतो आणि भरता येतो, आणि ही विद्या ज्या बाईला येते तिला आमच्याकडं सुखानं दोन घास खाता येत नाहीत. रेशनचा फॉर्म, पेन्शनचा फॉर्म, जातीचा दाखला, सगळे माझ्या ओट्यावर. येताना गोड बोलतात, चहा पिऊन जातात, आणि फॉर्म परत आला की माझ्याच नावानं बोटं मोडतात. त्रेचाळीस वर्षांची झाले. आता कागद नुसता बघितला तरी अंग जड होतं.

मागच्या डिसेंबरात नागपूरचा पियुष आला. सव्वीस-सत्तावीसचा पोरगा, पायात पांढरे बूट, आणि त्या बुटांना आमची काळी माती लागली तरी तक्रार नाही. त्याची संस्था कपाशीच्या पऱ्हाट्या, म्हणजे वेचणीनंतर शेतात उरलेली वाळकी झाडं, गोळा करायची, त्यांचा भुगा करायची आणि चुनखडीच्या खाणीजवळच्या सिमेंट फॅक्टरीला द्यायची. भट्टीत कोळशाच्या जागी पऱ्हाटी जाळायची. पंचायतीच्या ओट्यावर त्यानं एक मोठा कागद लावला. त्यावर एक गोल काढलेला होता. गोलात शेत, शेतातून बाण फॅक्टरीकडं, फॅक्टरीची राख सिमेंटमध्ये, सिमेंट गावाच्या रस्त्यात, आणि रस्त्यावरून पुन्हा शेतात जाणारा एक हसरा शेतकरी.

"याला वर्तुळाकार अर्थव्यवस्था म्हणतात," पियुष म्हणाला. "आपण जमिनीतून काढत राहतो, वापरतो आणि फेकतो. त्याऐवजी जे वाया जातं तेच पुन्हा कामाला आणायचं."

मला ते पटलं. खोटं कशाला बोलू? माझा नवरा महिपत चौदा वर्षं कोळशाची गाडी चालवत होता, पूर्वेकडच्या खाणींपासून फॅक्टरीपर्यंत. खड्डे किती खोल गेले ते त्यानं डोळ्यांनी पाहिलंय. कोळशाची धूळ त्यानं नाकातोंडातून घरी आणली आणि अजून ती खोकल्यातून बाहेर पडते आहे. तो त्या दिवशी ओट्याच्या कडेला बसून सगळं ऐकत होता. घरी येताना म्हणाला, "लेकाचा बरोबर बोलून राह्यला. काढून काढून जमिनीत काय उरन? माह्या गाडीनंच अर्धा डोंगर वाहिला." महिपत कुणाचं चांगलं म्हणत नाही. त्यामुळं मलाही जोर चढला.

शिवाय हायवेकडची मोठी शेतं होतीच. तिथले लोक फेब्रुवारीत पऱ्हाटी उभीच पेटवून देतात. दोन-तीन दिवस डोळे चुरचुरतात, दोरीवरच्या कपड्यांना वास येतो. आमच्या गावात असं कुणी करत नाही. काऊन करत नाही, हे मी त्या वेळी स्वतःला विचारायला पाहिजे होतं. नाही विचारलं.

सर्व्हे मी दहा दिवसांत उरकला. फॉर्मवर एकच मोठा प्रश्न होता. पऱ्हाटीचं काय करता? खाली चौकटी. विकतो. शेतातच जाळतो. खत करतो. जनावरांना घालतो. काहीच नाही.

मी घरोघर गेले. मारोतरावांकडं सगळ्यात आधी, कारण गावात सगळ्यात जास्त कपाशी त्यांची, बारा एकर. गावातली मोठी असामी. मी त्यांना काका म्हणते.

"पऱ्हाटीचं?" मारोतकाका सुपारी कातरत म्हणाले. "पऱ्हाटीचं काय कराचं असते बाई? काई नाई. शेत मोकळं करून घेतो, झालं."

काहीच नाही, या चौकटीत मी फुली मारली.

पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरी तेच. शेत मोकळं करून घेतो. शेतीवाल्यांची घरं संपली तशी मी बिनशेतीवाल्यांकडं वळले. तिथं बायका हसल्या. आमचं शेत कुटी हाय व, आमी लोकायचे शेतं मोकळे करून देतो.

जयवंताबाईच्या घरी मी शेवटी गेले, कारण तिथं गेलं की उठावंसं वाटत नाही. मी तिला मावशी म्हणते. ती माझी कुणी लागत नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला कापूस वेचता येत नव्हता, बोंडाच्या कडा बोटांत शिरून रक्त यायचं. सासू बोलायची आणि बायका हसायच्या. मावशीनं मला आपल्या शेजारच्या ओळीत घेतलं आणि बोटं कशी धरायची ते दाखवलं. माझी ओळ मागं राहिली की ती पुढून वळून माझ्या ओळीतली चार झाडं वेचून द्यायची, आणि वर काही बोलायची नाही. अशी बाई.

आता ती अठ्ठावन्नची आहे. कापूस वेचते आणि शाळेत पोरांचा दुपारचा स्वयंपाक करते. एकसष्ट पोरं. भात, पप्पू म्हणजे वरण, भाजी, आठवड्यातून तीनदा अंडं.

त्या दिवशी ती चुलीपुढं बसली होती. पऱ्हाटीच्या काड्या गुडघ्यावर मोडून चुलीत सारत होती. माझ्यासाठी त्याच चुलीवर चहा ठेवला. घराच्या मागच्या अंगाची भिंतही पऱ्हाटीचीच, वरून शेणामातीनं सारवलेला कूड. मी त्या कुडाला टेकून बसले, तो चहा प्यायले आणि विचारलं, "मावशे, पऱ्हाटीचं काय करता?"

"मी काय करन?" ती म्हणाली. "मारोतरावचं शेत मोकळं करून देतो दरसाली."

आणि मी लिहिलं, काहीच नाही.

हे आठवलं की अजून मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. पण तुम्ही गावातले असता तर तुम्हीही तेच लिहिलं असतं. आमच्याकडं रीत अशी आहे. शेवटची वेचणी झाली की शेतमालक स्वतः वेचणाऱ्या बाईच्या दारात जातो. आत येत नाही, उभ्यानंच म्हणतो, बाई, शेत मोकळं करून द्या. मग ती आपला लोखंडी चिमटा घेऊन जाते, एकेक झाड बुडाशी धरून उपटते, मोळ्या बांधते. त्या दिवशी मालकाच्या घरून शेतात भाकरी येते आणि संध्याकाळी मालकाच्याच बैलगाडीतून पऱ्हाटी तिच्या घरामागं येऊन पडते. वर्षाचं सरपण. पैसा नाही, कागद नाही. पऱ्हाटी नेली असं कुणी म्हणत नाही, पऱ्हाटी दिली असंही कुणी म्हणत नाही. नेली म्हटलं की बाई मागणारी ठरते, दिली म्हटलं की मालक दानशूर ठरतो, आणि दुसऱ्या दिवशी दोघांना एकाच विहिरीवर भेटायचं असतं. म्हणून सगळे म्हणतात, शेत मोकळं केलं. एकोणीस वर्षं मारोतकाकांचं शेत मावशी मोकळं करते आहे. ही गोष्ट मला माझ्या घराच्या दरवाजाइतकी माहीत होती, आणि फॉर्म भरताना ती मला सुचली नाही. कारण चौकटीत ती नव्हती, आणि जे चौकटीत नसतं ते दिसेनासं व्हायची सवय मला वीस वर्षं फॉर्म भरून भरून लागली आहे.

गावाचा निकाल आला. सगळी पऱ्हाटी वाया जाणारी. आसपासच्या गावांत आमचा नंबर पहिला. पियुषनं आदिलाबादला एका कार्यक्रमात मला बोलावून शाल दिली. फोटोत मी हसते आहे.

शेतीवाल्यांनी कागदावर सह्या केल्या. नाही म्हणायचं कारणच नव्हतं. शेत फुकटात साफ होणार होतं, वर थोडे पैसेही मिळणार होते, आणि पऱ्हाटी लवकर निघाली की बोंडअळी मरते हे तर कृषीवाले कधीचे सांगत होते. मारोतकाकांना वाटलं, सुवर्णानं बायकांना सांगितलंच असेल. मला वाटलं, मालक आपापल्या बायकांना सांगतील. कुणीच कुणाला सांगितलं नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या मंगळवारी यंत्र आलं. ट्रॅक्टरला जोडलेलं, ओळीच्या ओळी उपटून बाजूला टाकणारं. मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, हातात वही घेऊन उभी होते. मारोतकाकांच्या शेताच्या दुसऱ्या टोकाला मावशी दिसली. खांद्यावर चिमटा होता. यंदा काका अजून दारात कसे आले नाहीत, हे बघायला ती आपणहून आली असावी. ती तिथं उभी राहिली, यंत्र चार ओळी जाऊन परत येईपर्यंत. मग वळून घरी गेली. मी हाक मारली नाही. मला तेव्हा, खरंच सांगते, तेव्हा कळलं.

संध्याकाळी ती माझ्या ओट्यावर आली. भांडायला आली असती तर मला बरं वाटलं असतं.

"तुया कागदात आमचं काय लिवलं व?" तिनं विचारलं.

"काहीच नाही लिहिलं, मावशे."

"असं," ती म्हणाली. "माह्या घरामागं आठ दिवसायची गंजी हाय. मंग शाळेचं कसं करू?"

एकसष्ट पोरांचा भात गॅसवर होत नाही असं नाही, पण त्यासाठी मोठी शेगडी लागते, सिलिंडरमागून सिलिंडर लागतात, आणि ते सगळं स्वयंपाकवालीनं आपल्या खिशातून करायचं आणि पैसे यायची वाट बघत बसायचं. मावशीला ते जमणारं नव्हतं. जंगलातून लाकूड आणावं तर वॉचर अडवतो. तिनं धुऱ्यावरच्या ओल्या बाभळीच्या फांद्या तोडून पाहिल्या. नुसता धूर. एका गुरुवारी पोरांना ताट मिळायला सव्वा वाजला. पहिलीतली पोरं रडायला लागली.

शाळेच्या मोठ्या बाई भाग्यलक्ष्मी मॅडम माणूस म्हणून वाईट नाहीत. मला बोलावून तेलुगूतच म्हणाल्या, "सुवर्णा, साडेबाराला जेवण म्हणजे साडेबाराला जेवण. दुसऱ्या संघमकडं गॅस आहे, त्या बायका कधीच्या विचारताहेत. एकवीस तारखेच्या सोमवारपर्यंत बघते. मग मला स्वयंपाकवाली बदलावी लागेल." मी मान डोलवली. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं, आणि हाच मला सगळ्यात जास्त वैताग होता, की चिडायला हाताशी कुणी सापडत नव्हतं.

मी पियुषला फोन लावला. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "ताई, पण तुम्हीच लिहिलं होतं ना, काहीच नाही म्हणून?"

"लिहिलं होतं."

"मग आता कसं बदलणार? तेवढा माल फॅक्टरीला कबूल झालाय. ढिगांचे फोटो गेलेत, ट्रॉली मोजून जाते." मग म्हणाला, "एक करता येईल. दहा ट्रॉलीमागं एक गरजू लोकांसाठी ठेवायची सोय आहे. बाईंनी अर्ज करायचा, की माझ्याकडं सरपण नाही, मी गरजू आहे, मला मोफत मिळावं. शेतमालकाची संमतीची सही. मी लगेच पुढं ढकलतो. शब्द देतो."

"आणि मी असं लिहिलं तर, की ही पऱ्हाटी आधीपासून तिचीच होती?"

"मग मालकाला तसं लिहून द्यावं लागेल, ताई. तसं असेल तर उत्तमच."

मी आशेनं मारोतकाकांकडं गेले. त्यांना वाईट वाटत होतं, हे नाकारणार नाही. मला बघताच म्हणाले, "अवं, मले वाटलं तू सांगतलं असशीन तिले. रातोरात दोन गाड्या नेऊन टाकू का तिच्या घरामागं?"

"मोजलेला ढीग आहे, काका. तुमच्यावरच येईल."

"मंग?"

"लिहून द्या, की पऱ्हाटी तिच्या हक्काची होती. वर्षानुवर्षं तीच नेते."

काकांचा अडकित्ता थांबला. "हक्क?" ते म्हणाले. "सुवर्णा, तू शिकलेली हायेस, इचार करून बोल. मी तिले कदी नाई म्हटलं का? नाई म्हटलं. पन हक्क हा शब्द दस्तखत करून द्याचा म्हंजे... आज पऱ्हाटीवर हक्क, उद्या धुऱ्यावर हक्क. माही पोरं मले काय म्हनतीन?"

मी खूप समजावलं. काकांनी ऐकून घेतलं, चहा पाजला आणि हक्काचं सोडून दुसरं काहीही लिहून द्यायची तयारी दाखवली.

तिथून तशीच मावशीकडं. दरखास्तीची, म्हणजे पियुषनं सांगितलेल्या अर्जाची, गोष्ट सांगितली. त्यातला गरजू हा शब्द मी हळूच उच्चारला, पण तिनं बरोबर तोच पकडला.

"गरजू म्हंजे?"

"म्हणजे... ज्याला लागतं तो."

"मले समजते गरजू काय असते." तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. "मी मारोतरावची पऱ्हाटी फुकट नेतो, असं लिवून देऊ?"

"नुसतं कागदावर, मावशे. शाळेचं काम वाचेल."

"एकोनीस वरसं मी उन्हात चिमटा मारला. हाताचे फोड दाखवू का? मी कोनाचं घेत नाई. मी शेत मोकळं करतो." आणि मग, जरा खालच्या आवाजात, "तुले तर मालूम होतं ना, पोरी."

हो, मला माहीत होतं. मी उठून आले. घरी महिपतनं विचारलं काय झालं, तर मी त्याच्यावरच खेकसले. तो म्हणाला, "आपल्या दोन एकराची पऱ्हाटी तिले देऊन टाक ना." जणू मला ते सुचलं नव्हतं. आमच्या शेताची सही सगळ्यात आधी मीच केली होती, लोकांना उदाहरण म्हणून, आणि पहिली ट्रॉली आमचीच भरून गेली होती.

त्यानंतरचा आठवडा मावशीनं कसा काढला ते मी रोज बघत होते. ती पहाटेच निघायची, ओढ्याकाठची वाळकी झुडपं, जुन्या कुंपणाच्या काड्या, शेणाच्या गोवऱ्या, जे मिळेल ते डोक्यावर घेऊन यायची. दोन दिवस जेवण वेळेवर झालं. तिसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले, तर मागच्या भिंतीला मोठं भगदाड. कुडाच्या काड्या तिनं काढून चुलीला लावल्या होत्या. आतलं अंथरूण, देवाचा कोनाडा, सगळं रस्त्यावरून दिसत होतं.

"उन्हाळा येऊन राह्यला," ती म्हणाली. "वारा लागते, बरं हाय."

मी घरी येऊन रडले. मोठ्यानं रडले, पदर तोंडात कोंबून वगैरे नाही. मला माझाच संताप आला होता, आणि संतापापेक्षा जास्त थकवा आला होता, की एक फुली खोडायला एवढं चालावं लागतं.

शनिवारी पुन्हा एक वाजला. सोमवार एकवीस तारीख होती.

रविवारी सकाळी मावशी आली. धुवट लुगडं नेसलेली, केस चापून बांधलेले. बसली नाही.

"चाल," म्हणाली. "तुयी ती दरखास्त घे. मारोतरावच्या घरी जाऊन भरू. त्यायची दस्तखत लागते ना?"

"मावशे, नको वाटत असेल तर..."

"पोरं उपाशी बसतेत व, सुवर्णा. अन् ते काम गेलं तर मी काय खाऊ? चाल."

मारोतकाकांच्या ओसरीवर आम्ही बसलो. म्हणजे मी बाजेवर बसले. मावशी दरवेळी त्याच बाजेवर बसायची, काकू आतून पाणी आणायच्या, दोघी वेचणीच्या गोष्टी करायच्या. त्या दिवशी ती खाली, खांबाला टेकून बसली. काकांनी दोनदा म्हटलं, "वर बसा ना बाई." ती म्हणाली, "बरं हाय."

मी फॉर्म उघडला. तेलुगूत वाचायचं, मराठीत विचारायचं, तेलुगूत लिहायचं. नाव. वय. घरात माणसं किती. एकच. जमीन. नाही. सरपणाची दुसरी सोय. नाही. आतापर्यंत सरपण कुठून मिळत होतं? मी पेन थांबवलं. मावशीनं सांगितलं, "लिव. मारोतरावच्या शेतातून. फुकट." फुकट हा शब्द ती इतक्या स्पष्टपणे बोलली की आत भांडी घासायचा आवाज बंद झाला. काकू ऐकत असाव्यात.

मारोतकाका चुळबुळले. "बाई, फुकट कायले म्हंता? तुमी कष्ट केले."

"तुमी लिवून देता का तसं?" मावशीनं विचारलं. रागानं नाही. खरंच विचारलं.

काका अडकित्त्याकडं बघत बसले.

मी लिहिलं, मोफत. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात. त्या दिवशीही ते चांगलंच आलं.

शेवटची एक ओळ राहिली होती. हा फॉर्म संस्थेनं कुठल्या तरी दुसऱ्या योजनेवरून उतरवला असावा, कारण त्या ओळीचा इथं काही संबंध नव्हता. अर्जदाराचं शेतमालकाशी नातं. ती रिकामी सोडली असती तर चाललं असतं का, मला माहीत नाही. पण रिकाम्या ओळीमुळं फॉर्म परत आलेले मी फार पाहिले आहेत, आणि उद्या सोमवार होता. मी वाचून दाखवलं.

"तुमचं मारोतकाकांशी नातं काय, असं विचारलंय."

काकांना एकदम हुरूप आला. एवढ्या वेळात पहिल्यांदा त्यांना काहीतरी देता येण्यासारखं सापडलं होतं. ते पुढं सरकले. "लिव, सुवर्णा, घरच्यासारखी हाय म्हून लिव. एकोनीस वरसं झाले. माह्या पोरायच्या लग्नात भाकऱ्या बडवल्या बाईनं. माही माय गेली तवा तीन दिवस आमच्या घरी होती. घरचीच हाय. लिव तसं."

ते मनापासून बोलत होते. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, मी पाहिलं. मी पेन टेकवलं.

"नको," मावशी म्हणाली.

मी वर बघितलं. ती काकांकडं बघत नव्हती, माझ्याकडंही नाही. समोर अंगणात बैलगाडी उभी होती, तिकडं बघत होती.

"घरच्या मानसाले दरखास्त करा लागत नाई," ती म्हणाली. "काई नाई लिव."

"मावशे..."

"नातं काई नाई. लिव, पोरी. चुकीचं लिवलं तर परत येते ना तुया कागद?"

मी लिहिलं. मग मावशीनं सही केली, एकेक अक्षर जुळवत, संघममध्ये मीच शिकवली होती तशी. मग काकांनी सही केली. त्यांच्या नावातला शेवटचा शब्द चौकटीच्या बाहेर गेला. आतून कुणी पाणी आणलं नाही, किंवा आणलं असेल आणि दारातच थांबलं असेल.

मावशी खांबाला धरून उठली. पदर सारखा केला.

"ट्रॉली किती वाजता येईन?" तिनं मला विचारलं. "साताच्या आंधी पाठवाले सांग त्या पोराले. आठले मले भात टाका लागते."